पीसीओएस असताना मूल हवं असेल तर: कोणती पायरी आधी, आणि तिथे किती दिवस थांबायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर अंडाशयात ‘गाठी’ असल्याचं वाचलं की बहुतेक जणी त्याचा एकच अर्थ घेतात: आता मला मूल होणार नाही. या लेखात सगळ्यात आधी हीच भीती दूर करायची आहे. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) स्त्रीबीजं संपलेली नसतात. उलट वयाच्या मानाने त्यांचा साठा बहुधा जास्तच असतो. अडतं ते एवढ्यावरच, की दर महिन्याला त्यातलं एक बीज पूर्ण वाढून वेळेवर बाहेर पडत नाही. ज्यांना गाठी म्हणतात त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या, बीज धरून बसलेल्या बारीक पिशव्या असतात. त्या ऑपरेशनने काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. थांबलेलं बीज पुन्हा वाढीला लावायची औषधं स्वस्त आहेत, जुनी आहेत आणि चांगली तपासलेली आहेत.

असं असूनही कितीतरी जोडप्यांची चार-पाच वर्षं यात निघून जातात. माझ्या मते त्याचं मोठं कारण आजारापेक्षा उपचारांचा बिघडलेला क्रम हे आहे. कुणी दोन वर्षं नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या घेत राहतं. कुणाला ‘आधी वजन कमी करून या’ एवढंच सांगून परत पाठवलं जातं. कुणी थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या दारात जाऊन उभं राहतं आणि नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी होते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि प्रत्येक टप्प्याला मुदत दिली आहे. औषधाचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि इथे आणखी किती दिवस थांबायचं, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

निदान खरंच झालंय का?

आपल्याकडे सोनोग्राफीत अंडाशय जरा मोठं दिसलं की लगेच ‘पीसीओडी आहे’ असं सांगून मोकळे होतात. नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान होत नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष आजही वापरले जातात आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्यात थोडी भर घातली आहे. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. एक, पाळी अनियमित. दोन, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण: हनुवटी, ओठांवर, छातीवर किंवा पोटावर जाड केस, हट्टी मुरमं, भांग रुंदावणं किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त. तीन, सोनोग्राफीत बारीक पिशव्यांनी भरलेलं अंडाशय किंवा रक्तात एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) जास्त. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर तिसरीसाठी सोनोग्राफीची गरजही नाही.

एक अट मात्र कायम आहे: असंच दिसणारे दुसरे आजार आधी वगळायचे. त्यासाठी टीएसएच म्हणजे थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या रक्ततपासण्या करतात. थायरॉइड बिघडल्याने पाळी पुढे जात असेल तर थायरॉइडचीच गोळी लागेल, आणि हे कळायला वर्ष घालवायचं कारण नाही. टेस्टोस्टेरॉन तपासायचं असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या बंद करून तीन महिने झाल्यावरच तपासा. गोळ्यांवर असताना आलेल्या आकड्याला अर्थ नसतो. या काळात दिवस नको असतील तर दुसरं साधन वापरा.

फास्टिंग इन्शुलिनची तपासणी बऱ्याच लॅबच्या पॅकेजमध्ये असते. तिच्यावरून उपचार ठरत नाहीत, ते पैसे वाचवा.

घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल आणि तिची पाळी पुढे-मागे होत असेल, तर घाईने शिक्का मारून घेऊ नका. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफी आणि एएमएच या निदानासाठी धरायचेच नाहीत, असं सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे. त्या वयात अंडाशय तसं दिसणं अगदी सामान्य आहे.

आणि ‘पीसीओडी म्हणजे सौम्य, पीसीओएस म्हणजे गंभीर’ हा समज सोडून द्या. दवाखान्यात दोन्ही नावं एकाच तक्रारीसाठी वापरली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हा त्रास आहे. तुम्ही काही जगावेगळं घेऊन बसलेला नाही.

पाळीचा हिशेब लिहून काढा

डॉक्टरांकडे जाण्याआधी गेल्या सहा महिन्यांच्या तारखा कागदावर मांडा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. एका पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंतचं अंतर मोजायचं. ते २१ दिवसांपेक्षा कमी, ३५ दिवसांपेक्षा जास्त किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या, याला अनियमित म्हणतात. गणपतीत, लग्नकार्यात किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर त्या महिन्यापुढे तसं लिहा. पाळी आणायची गोळी घेऊन आलेली पाळीही वेगळी नोंदवा. गोळीने आणलेल्या पाळीत बीज बाहेर पडलेलं असेलच असं नाही आणि हिशेब पाहणाऱ्या डॉक्टरांची त्यामुळे फसगत होते.

बीज बाहेर पडतंय का हे कसं कळणार? बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात ते १४व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं, आणि ४० दिवसांच्या चक्रात २६व्या दिवसाच्या आसपास. प्रोजेस्टेरॉनची (बीज बाहेर पडल्यावर वाढणारं हार्मोन) तपासणी सरसकट ‘२१व्या दिवशी’ करायला सांगतात, ती २८ दिवसांच्या चक्रासाठी ठीक आहे. तुमचं चक्र लांबलं असेल तर अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी ती करायची, नाहीतर रिपोर्ट विनाकारण कमी येतो आणि रडारड होते. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज बाहेर पडलं असं धरतात.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवर पीसीओएसमध्ये फार विसंबू नका. ती पट्टी एलएच हे हार्मोन मोजते आणि पीसीओएस असलेल्या अनेक जणींमध्ये ते मुळातच वाढलेलं असतं. त्यामुळे बीज तयार नसतानाही दोन रेघा येऊ शकतात.

पाळी ९० दिवसांच्या वर लांबली तर थांबू नका. बीज बाहेर न पडता गर्भपिशवीचं अस्तर वाढत राहणं चांगलं नाही. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका एकूणात कमी आहे, पण तो टाळणं अगदी सोपं आहे: डॉक्टर काही दिवसांची गोळी देऊन पाळी आणतात. ती गोळी घेण्याआधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केलीच पाहिजे. पाळी नेहमीच लांबते म्हणून तीन महिने गृहीत धरले आणि दिवस राहिलेले निघाले, असं खरंच घडतं.

साखर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पीसीओएसच्या मुळाशी बहुतेकींमध्ये इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, ही गोष्ट असते. साखर आवरायला शरीर जास्त इन्शुलिन बनवतं. वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. तेच इन्शुलिन यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन कमी करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की बीजाची वाढ अर्ध्यावर थांबते, आणि चेहऱ्यावर केस व मुरमं येतात ती वेगळीच. मानेवर, काखेत काळसर मखमली पट्टा दिसत असेल तर तो मळ नाही. घासून जाणार नाही. ती जास्त इन्शुलिनची खूण आहे.

तपासणी कोणती? उपाशीपोटी रक्त देऊन, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा दोन तासांनी १४० ते १९९ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं समजायचं. दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली तर पीसीओएसमधल्या बऱ्याच केसेस निसटतात, म्हणून दोन तासांचीच आग्रहाने करून घ्या. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्या.

गर्भाचं हृदय, मेंदू, मणका पहिल्या काही आठवड्यांत घडतात, बहुतेकदा बाईला दिवस राहिल्याचं कळण्याच्या सुमारास. त्या वेळी साखर वाढलेली असेल तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून साखर आटोक्यात आणणं हे बीज तयार करायच्या गोळीच्या आधीचं काम आहे.

नवऱ्याची तपासणी याच आठवड्यात

बाईच्या रिपोर्टवर पीसीओएस लिहिलं की घरातलं सगळं बोलणं तिच्याभोवती फिरू लागतं. पण पीसीओएस आहे म्हणून नवऱ्याचं वीर्य ठीक असेल, असा काही नियम नाही. वीर्य तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही आणि एका दिवसात रिपोर्ट मिळतो. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हलणारे ही खालची मर्यादा आहे. रिपोर्ट कमी आला तरी एकावर निष्कर्ष काढू नका. शुक्राणू घडायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तेवढं अंतर ठेवून पुन्हा तपासा. मधल्या काळात ताप आला होता का, हेही डॉक्टरांना सांगा.

नवरा टाळत असेल तर सासूने किंवा दिराने नाही, डॉक्टरांनीच त्याला समोर बसवून सांगावं, अशी विनंती करा. ‘दोघांची तपासणी झाल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही’ असं म्हणणारे डॉक्टर चांगले डॉक्टर आहेत.

गर्भनलिका उघड्या आहेत का, ही तपासणी सगळ्यांना पहिल्याच दिवशी लागत नाही. पण पूर्वी क्षयरोग झाला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा बाळ नळीत राहिलं असेल, तर औषधं सुरू करण्याआधीच ती करून घ्या. आपल्या देशात गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचं महत्त्वाचं कारण आहे. नळ्या बंद असताना सहा महिने बीज तयार करत बसणं म्हणजे सहा महिने फुकट घालवणं.

तीन महिन्यांची तयारी

फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून, रोज. वजन खूप जास्त असेल, मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात. रुबेलाची लस झाली आहे का ते पाहा. लागली तर ती घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. पीसीओएसमध्ये मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल आणि केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलेलं असतं. दोन्ही गर्भाला घातक आहेत. आयसोट्रेटिनॉइन थांबवल्यावर किमान एक महिना थांबावंच लागतं. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही बदलाव्या लागतात. वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं हल्ली खूप जणी घेतात. सेमाग्लुटाइड घेत असाल तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी ते बंद करायचं. त्यातला एक धोका कमी जणींना माहीत असतो: वजन उतरू लागलं की थांबलेली बीजनिर्मिती अचानक सुरू होते आणि इंजेक्शन चालू असतानाच दिवस राहतात. काढे, चूर्णं, भस्मं चालू असतील तर तीही लाजत न बसता सांगा.

आता वजन. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३च्या वर म्हणजे वजन जास्त, २५च्या वर म्हणजे स्थूल. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पण याचा अर्थ ‘बारीक व्हा, मग या’ असा होत नाही. असलेल्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईसाठी ते साडेतीन ते सात किलो होतात. एवढं तीन ते सहा महिन्यांत जमण्यासारखं आहे. ज्यांचं वय ३५च्या पुढे आहे त्यांनी मात्र वजनासाठी वर्षभर औषधं लांबवू नयेत. पीसीओएसमध्ये बीजं भरपूर असली तरी बीजाचं वय थांबत नाही.

कुठला ‘पीसीओएस डाएट’? आंतरराष्ट्रीय सूचनांचं म्हणणं सरळ आहे: अमुकच आहार श्रेष्ठ असा पुरावा नाही, जो तुम्हाला वर्षानुवर्षं पाळता येईल तो चांगला. म्हणून आपल्याच ताटात फेरफार करा. आपल्या ताटाची अडचण अशी, की त्यात भात, पोळी, बटाटा मिळून पिष्ट फार आणि प्रथिनं थोडी. नाश्त्याला नुसत्या पोह्यांऐवजी पोहे निम्मे आणि वाटीभर मोड आलेली मटकी, किंवा दोन अंडी, किंवा मुगाचं धिरडं. जेवणात पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण किंवा वाटीभर उसळ, दोन मोठे चमचे कोशिंबीर, वाटीभर दही किंवा ताक. ज्वारी-नाचणीची भाकरी चालेल, पण ‘भाकरीच आहे’ म्हणून चार खाऊ नयेत. किनारपट्टीवर राहत असाल तर बांगडा, तारली यांसारखं स्वस्त आणि चांगलं अन्न नाही. फक्त रवा लावून तेलात तळण्यापेक्षा कालवणात घाला. दिवसातून चार वेळा चहा होत असेल तर त्यातली साखर आणि सोबतची बिस्किटं मोजा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर असा उपवास करता येतो. दूध आणि गहू पूर्ण सोडायची पीसीओएससाठी गरज नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं दमछाक होईल असं चालणं, आणि वजन उतरवायचं असेल तर २५० मिनिटं. सोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. स्नायू साखर वापरतात म्हणून हा भाग चालण्याइतकाच महत्त्वाचा आहे. ‘घरातलं काम हाच माझा व्यायाम’ असं म्हणणाऱ्या बायका खरंच दमलेल्या असतात, हे मला पटतं. तरीही त्या कामाने नाडी सहसा पुरेशी वाढत नाही. घरातल्यांनी रोज अर्धा तास त्यांचं काम आपल्या हाती घेतलं तर चालायला वेळ निघेल. मला वाटतं, औषधाइतकाच हा उपचार घरोघरी लागू करायला हवा.

शिडशिडीत बांध्याच्या बायकांनाही पीसीओएस असतो. त्यांना वजन उतरवायला सांगण्यात काही अर्थ नाही. त्यांनी साखर तपासावी, पुरेसं आणि वेळेवर खावं, स्नायूंचा व्यायाम करावा आणि पुढच्या पायरीवर लवकर जावं.

मेटफॉर्मिन (इन्शुलिनला शरीराने नीट दाद द्यावी म्हणून दिली जाणारी मधुमेहाची गोळी) सुरू केली असेल तर ती जेवणासोबत घ्या आणि डोस हळूहळू वाढवा. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात ते बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होतात. त्रास फार असेल तर हळूहळू सुटणारी गोळी मागा, मनाने बंद करू नका. दीर्घकाळ घेतली तर बी-१२ तपासत राहा, विशेषतः शाकाहारी असाल तर. इनोसिटॉलच्या महागड्या पुड्या नुकसान करत नाहीत, पण त्यांनी मूल होण्याची शक्यता वाढते असा भक्कम पुरावा नाही. खर्च झेपत नसेल तर त्या नाही घेतल्या म्हणून काही बिघडत नाही.

या काळात संबंध कधी ठेवायचे? शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. पाळी लांबणारी असेल तर तारखा मोजत बसण्यापेक्षा दहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणं पुरेसं आहे.

बीज तयार करण्याच्या गोळ्या

पाळी नियमित असणाऱ्या जोडप्यांनी ३५ वर्षांपर्यंत एक वर्ष आणि त्यापुढे सहा महिने वाट पाहावी असा नियम आहे. तुमची पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर तो नियम तुम्हाला लागू नाही. तपासण्या आणि तयारी झाली की औषध सुरू करता येतं.

पहिलं औषध लेट्रोझोल. पाकिटातल्या कागदावर ते स्तनाच्या कर्करोगाचं औषध असल्याचं लिहिलेलं असतं आणि ते वाचून बायका घाबरतात. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती, ती २०१७ साली उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफेन या बीज तयार करायच्या जुन्या गोळीवर १९.१ टक्के बायकांना. बाळांमधल्या व्यंगांचं प्रमाण दोन्ही गटांत लक्षणीय वेगळं नव्हतं. आज जगभर पीसीओएससाठी हेच पहिलं औषध मानतात.

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून ते पाच दिवस घेतात, सहसा २.५ मिलिग्रॅमपासून. बीज वाढलं नाही तर पुढच्या वेळी डोस वाढवतात, ७.५ पर्यंत. पहिल्या महिन्यात साधारण दहाव्या-अकराव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफीला बोलावतात. त्यात बीजाची पिशवी १८ ते २० मिलिमीटरची झाली की बीज तयार झालं असं समजतात. काही वेळा ते फुटायला इंजेक्शन देतात. दोन-तीन बीजं एकदम तयार झाली तर जुळ्यांची शक्यता असते, हे आधी विचारून ठेवा.

मुदत इथे महत्त्वाची. बीज व्यवस्थित बाहेर पडतंय असे सहा महिने झाले आणि दिवस राहिले नाहीत, तर तीच गोळी सातव्या महिन्यात लिहून घेऊ नका. नळ्यांची तपासणी झाली नसेल तर ती करा, वीर्य पुन्हा पाहा. आणि जास्तीत जास्त डोस देऊनही बीज वाढतच नसेल तर सहा महिनेही थांबायचं कारण नाही. तिथे मेटफॉर्मिनची जोड, क्लोमिफेन आणि मेटफॉर्मिन एकत्र, हार्मोनची इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून अंडाशयावर छोटी छिद्रं पाडणं असे पर्याय असतात. इंजेक्शनं घेताना सोनोग्राफी चुकवायची नाही. तीन किंवा त्याहून जास्त बीजं मोठी झाली तर तो महिना सोडून द्यायचा असतो. डॉक्टर ‘या महिन्यात संबंध टाळा’ म्हणाले तर ते तुमच्या भल्यासाठी आहे.

वीर्य आणि नळ्या दोन्ही चांगल्या असतील तर फक्त पीसीओएससाठी आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) करून फारसं हाती लागत नाही. पाच-सहा आययूआयचं पॅकेज पुढे आलं तर ‘आमच्या बाबतीत याचं कारण काय?’ एवढं विचारा.

आयव्हीएफपर्यंत यावं लागलं तर

नळ्या बंद, वीर्यात मोठा दोष, वय जास्त किंवा आधीचे उपाय संपले, तर आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी योग्य आहे. पीसीओएसमध्ये त्याला चांगला प्रतिसाद मिळतो आणि धोकाही तिथेच आहे. इंजेक्शनांनी एकदम खूप बीजं वाढून अंडाशय सुजतं आणि पोटात पाणी होतं. पोट तट्ट फुगणं, एक-दोन दिवसांत वजन वाढणं, उलट्या, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काही झालं तर रात्र असली तरी दवाखान्यात जायचं. हे टाळायला आज चांगल्या पद्धती आहेत: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून दिलेल्या वेगळ्या इंजेक्शनांची), बीज पिकवायला वेगळं इंजेक्शन, आणि सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणं. ‘माझं एएमएच जास्त आहे, अंडाशय सुजू नये म्हणून काय करणार?’ हा प्रश्न लिहून न्या.

२०२१च्या कायद्याप्रमाणे आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक विचारा, एकूण खर्च लेखी मागा आणि औषधं त्यात धरलीत का ते पाहा. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून ही सोय मोफत सुरू झाली आहे. मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी एकत्रित दवाखाना आहे. कर्ज काढण्याआधी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एक चक्कर जरूर मारा.

मनावर येणारा ताण

पीसीओएसमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळतात, म्हणून निदानाच्या वेळीच त्यांची विचारपूस व्हावी असं सूचनांमध्ये आहे. आपल्याकडे ती क्वचित होते. त्यात हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला ‘तुमचं काय?’ असा प्रश्न ठरलेला. तिथे न जाण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नवऱ्याने आपल्या घरच्यांना स्वतः सांगावं की उपचार दोघांचे चालू आहेत, तपशील विचारू नका. एवढं एक वाक्य तो बोलला तरी बाईचा अर्धा भार उतरतो. झोप उडाली, कशातच रस वाटेना, जगणं नकोसं वाटू लागलं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

दिवस राहिल्यावर

पीसीओएस असलेल्या बाईने गरोदरपणात साखर आणि रक्तदाब यांवर जास्त लक्ष ठेवायचं. ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत करा आणि तेव्हा साखर बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा. रक्तदाब प्रत्येक भेटीत. मेटफॉर्मिन चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना पहिल्याच फोनवर विचारा, स्वतः ठरवू नका. पोटात एका बाजूला तीव्र दुखणं किंवा रक्तस्राव झाला तर थांबू नका.

गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ती पुन्हा तपासायची असते. बाळाच्या गडबडीत ही तपासणी हमखास राहते, म्हणून बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच तुमचंही रक्त द्या. त्यानंतरही दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहत राहायची, कारण बाळ झालं म्हणून पीसीओएस जात नाही. आणि पाळी अनियमित आहे म्हणून लगेच दिवस राहणार नाहीत, असं गृहीत धरू नका. दोन बाळंतपणांत अंतर हवं असेल तर गर्भनिरोधनाचं बाळंतपणाआधीच बोलून घ्या.